आक्कांची टाउनशिप

आमच्या आणि आक्कांच्या घरामध्ये कमरेइतकी भिंत आहे. भिंतीलगत कढीपत्ता. झाड त्यांचं, निम्म्या फांद्या आमच्याकडे, आणि फोडणी दोन्ही घरांची. गेले सहा महिने या भिंतीला कुणी कोपर टेकलं नव्हतं, कारण आक्का अमेरिकेत लेकीकडे होत्या. मागच्या आठवड्यात परतल्या. पहिल्या दिवशी चॉकलेटं आली, दुसऱ्या दिवशी बदामाची पिशवी आली, आणि तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत असताना भिंतीवरून खरा माल यायला लागला.

"बाई, तिकडं कुंपणच न्हाई ओ," ही आक्कांची अमेरिकेविषयीची पहिली तक्रार. "नुसती हिरवळ. ह्याची कुठं संपली, त्याची कुठं लागली, काय कळत न्हाई. गप्पा मारायला माणसानं टेकायचं कशाला? शेवटी मी पत्राच्या पेटीजवळ उभा राहायला लागलो."

(कोल्हापुरात बाईमाणूसही 'आलो-गेलो' म्हणतं, हे पुण्याच्या वाचकांसाठी.)

आक्कांची लेक पेनसिल्व्हेनियात असते. पिट्सबर्ग शहराच्या खाली वॉशिंग्टन काउंटी म्हणून भाग आहे, तिथं. ट्रम्पवालं वॉशिंग्टन हे नव्हे. डोंगर-उतार, गाईंचे गोठे, मधेमधे नव्या वसाहती, असं सगळं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण तालुक्याएवढा.

"पोरीनं घर घेतलं. जमीन हाय पाऊण एकर. पण बाई, जमिनीखालचं तिचं न्हाई."

"म्हणजे काय?"

"वरचं तिचं, खालचं दुसऱ्याचं. घराचे कागद झाल्यावर वर्षानं जावईबापूंना कळलं. इंजिनियर माणूस, पण सही करताना वाचतोय कोण!"

व्हरांड्यात आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. हे तलाठी होते. जमिनीचा शब्द निघाला की निवृत्ती संपते. "खालचं सरकारचं असणार," हे म्हणाले.

"तिथंच चुकताय भाऊजी. सरकारचं न्हाई. ज्या शेतकऱ्यानं जमीन बिल्डरला विकली, त्याचं. त्यानं जमीन विकली पण गॅस ठेवून घेतला."

हे ह्यांना पचायला दोन दिवस लागले. वरचा सातबारा एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा! पण तिकडे ते तसंच आहे. जमिनीच्या मालकाकडे खालच्या खनिजाचीही मालकी असते आणि ती त्याला वेगळी काढून विकता येते, वारसांना ठेवता येते. पश्चिम पेनसिल्व्हेनिया कोळशाचा मुलूख, तिथं शंभर वर्षांपूर्वीपासून खालचं आणि वरचं अशी फारकत होत आलेली. त्याच राज्यात टायटसव्हिल गावी 1859 साली ड्रेक नावाच्या माणसानं तेलाची विहीर पाडली आणि अमेरिकेचा तेलाचा धंदा उभा राहिला. या गोष्टी तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या. नवं आलं ते 2004 साली. वॉशिंग्टन काउंटीतच, मार्सेलस नावाच्या खडकात, मैलभर किंवा त्याहून खोल, पाण्याच्या प्रचंड दाबानं खडक फोडून गॅस निघतो हे दिसलं, आणि मग घरोघरी माणसं यायला लागली.

"लँडमन म्हणत्यात त्यांना," आक्का म्हणाल्या. "आपल्याकडं प्लॉटचे एजंट असत्यात की, तसे. फक्त ह्यांची गाडी धुतलेली."

ही सगळी माहिती आक्कांना मिळाली ती समोरच्या म्हातारीकडून. रस्त्यापलीकडे तिचा गोठा आणि शंभरेक एकर रान. वय ऐंशीच्या पुढं, नवरा वारलेला. हिला मराठी नाही, आक्कांना इंग्रजी बेतास बात, मधे दुभाषी आठ वर्षांची नात. पण आक्कांनीही माहेरी चार म्हशींच्या धारा काढल्यात. गाईच्या सडाला काय झालंय हे नातीच्या मदतीशिवाय कळलं, तिथं मैत्री जमली.

"तर तो लँडमन संध्याकाळी आला म्हणं. जेवणाच्या टेबलाला बसला, केक खाल्ला, नवऱ्याशी गाईंचं बोलला. आणि उठता उठता म्हणाला, शेजाऱ्यांनी सगळ्यांनी सह्या केल्यात, तुम्हीच राहिलाय. हिच्या मालकानं केली."

"आणि शेजाऱ्यांनी?"

"शेजाऱ्यांना पण त्यानं तेच सांगितलेलं!"

आक्का इतक्या हसल्या की भिंतीवरची कुंडी हलली.

एकरी किती मिळाले, ते म्हातारीनं सांगितलं नाही. तेवढं तिकडचं शेतकरी माणूसही आपल्यासारखंच आहे. पण सुरुवातीच्या काळात दर कसे होते याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाला सस्केहाना काउंटीत डिमॉक नावाचं खेडं आहे, तिथल्या काही लोकांनी एकरी 25 डॉलरवर सह्या केल्या होत्या. एकरी, म्हणजे चाळीस गुंठ्यांना. मग 2008 च्या जानेवारीत टेरी एंगेल्डर आणि गॅरी लॅश या दोन भूशास्त्रज्ञांनी मार्सेलसमधल्या गॅसचा नवा अंदाज मांडला, आणि त्या वर्षात दर एकरी हजारांत गेले. खडक तोच, गॅस तोच. आधी सही केलेला पंचविसावर आणि थांबलेला हजारांवर. (डिमॉकची पुढची गोष्ट वाईट आहे. 2009 च्या नववर्षाच्या दिवशी तिथल्या एका घराच्या पाण्याच्या विहिरीत गॅस साठून स्फोट झाला. पाण्यावरून खटले चालले, आणि 2022 साली गॅस कंपनीनं गावाला नवी नळयोजना करून द्यायला 1 कोटी 62 लाख 90 हजार डॉलर देण्याचं कबूल केलं. तेरा वर्षं गेली मधे.)

"आपल्या उसाचं बरं म्हणायचं मग," मी म्हटलं. "जयसिंगपूरला ऊस परिषद झाली की पहिल्या उचलीचा आकडा जिल्हाभर सगळ्यांना कळतो."

"तेच मी तिला सांगितलं! नातीला 'पहिली उचल'चं इंग्रजी येईना. पण म्हातारीला कळलं बघा. सहीला मिळतो तो बोनस म्हणजे पहिली उचल. आणि मग गॅस निघाला की रॉयल्टी. रुपयाला दोन आणे."

दोन आणे हा हिशोब आक्कांचा, पण चोख आहे. रुपयाचा आठवा हिस्सा, साडेबारा टक्के. पेनसिल्व्हेनियात 1979 चा कायदा आहे की मालकाला आठव्या हिश्श्यापेक्षा कमी रॉयल्टी देणारा करारच चालणार नाही. ऐकायला भक्कम. पण आठवा हिस्सा कशाचा, हे कायद्यानं नीट सांगितलेलं नव्हतं. विहिरीच्या तोंडाशी निघालेल्या गॅसचा, की बाजारात विकलेल्या गॅसचा, की खर्च वजा जाता उरलेल्याचा?

"पहिली वर्षं चेक बरे आले. मग बारीक व्हायला लागले. गॅस तेवढाच, चेक निम्मा. कागदावर बघितलं तर गॅस कोरडा करायचा खर्च वजा, दाब द्यायचा खर्च वजा, पाइपातनं न्यायचा खर्च वजा..."

"तोडणी-वाहतूक!" आम्ही नवरा-बायको एकदम म्हणालो.

"तोडणी-वाहतूक," आक्कांनी मान डोलावली. "वर काटामारी हाय का न्हाई, ती बिचारी कुठं बघायला जाणार? मीटर कंपनीचा, हिशोब कंपनीचा."

2010 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असे खर्च वजा करून मग आठवा हिस्सा मोजला तरी 1979 चा कायदा मोडत नाही. त्यानंतर ब्रॅडफर्ड काउंटीसारख्या भागात काही मालकांच्या हातात वजावटीनंतर जवळजवळ काहीच उरेना. 2015 साली राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं एका मोठ्या कंपनीवर याच कारणावरून दावा लावला. कोर्टाच्या भाषेत काय असेल ते असो. माझ्या मते किमान हिस्सा ठरवायचा आणि वजावटीला हात लावायचा नाही, हे भांड्याला बूड न बसवता झाकण घट्ट लावण्यासारखं आहे.

म्हातारीचं दुसरं दुखणं याहून मजेशीर. तिच्या शंभर एकरांपैकी थोडंच रान एका विहिरीच्या गटात गेलं. पण करार सगळ्या शंभर एकरांचा. त्या कोपऱ्यातून गॅस निघतोय तोवर उरलेली जमीनही कंपनीकडे अडकलेली. पाच वर्षांची मुदत कधीच संपली, तरी करार जिवंत. दुसरी कंपनी चांगला दर घेऊन आली तरी हिला देता येत नाही.

"म्हणजे कूळच लागलं की!" हे ओरडले. इतक्या वर्षांत ह्यांना अमेरिकेविषयी इतकी आत्मीयता वाटलेली मी पाहिली नव्हती.

यावर उतारा आहे, आणि तो बराच जुना आहे. लुइझियानातल्या लॉरेन्स पघ नावाच्या वकिलानं 1947 साली एक कलम लिहिलं. गटात जेवढी जमीन घेतली तेवढीच अडकेल, बाकीची मुदत संपली की मोकळी. त्याला 'पघ क्लॉज' म्हणतात. ते करारात घालून घ्यावं लागतं, मागितलं तर मिळतं. म्हातारीच्या मालकानं मागितलं नाही, कारण असं काही असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. केक खाणाऱ्यानं तर नाहीच. पुढं पुढं लोक शहाणे झाले. पंचवीस-पन्नास शेतकरी एकत्र आले, वकील एक केला, सगळ्यांच्या करारात तीच कलमं घातली. राज्य विद्यापीठाच्या विस्तार केंद्राची माणसं गावोगावच्या सभागृहांतून शिकवायला लागली, सहीआधी काय बघायचं ते.

"हे आपल्याकडं मगरपट्ट्यानं केलं," हे म्हणाले, आणि ते खरं आहे. हडपसरच्या मगर मंडळींनी, सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी, चारशेवर एकर जमीन एकेकट्यानं बिल्डरला न विकता एकत्र केली आणि स्वतःच टाउनशिप उभारली.

"हां, टाउनशिप!" आक्कांना आठवलं. "टाउनशिपच्या मीटिंगला गेलतो की मी. मला वाटलं मगरपट्ट्यासारखंच काय तरी असंल, गेट असंल, वॉचमन असंल. तर ती निघाली ग्रामपंचायत! पाच मेंबर टेबलामागं, समोर गाव. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. आणि बाई, एकानं पण माइक ओढला न्हाई."

"विषय काय होता?"

"गॅसची विहीर घरापासनं, शाळेपासनं किती लांब पाहिजे."

इथून पुढं आमच्या ह्यांनी खुर्चीच भिंतीजवळ आणली.

त्याचं असं आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं 2012 साली 'अ‍ॅक्ट 13' केला. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या. एक म्हणजे प्रत्येक विहिरीमागं कंपनीनं वार्षिक फी भरायची आणि तिचा मोठा वाटा काउंटी-टाउनशिपांना जायचा. दुसरी म्हणजे टाउनशिपांनी विहिरींना नाही म्हणायचं नाही, अगदी वस्तीच्या भागातसुद्धा. हातात निधी द्यायचा आणि तोंडाला पट्टी लावायची. आपल्याकडच्या सरपंचांना ही रीत नवी वाटणार नाही. पण तिकडच्या काही टाउनशिपा कोर्टात गेल्या. वॉशिंग्टन काउंटीतली रॉबिन्सन टाउनशिप त्यात पुढं होती, म्हणून खटला तिच्या नावानं ओळखला जातो. 19 डिसेंबर 2013 ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती पट्टी काढून टाकली. सरन्यायाधीश रोनाल्ड कॅस्टिल यांनी आधार घेतला तो राज्यघटनेतल्या कलम 27 चा. स्वच्छ हवा, शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क आहे, असं सांगणारं हे कलम 1971 साली मतदारांनी मंजूर केलं आणि मग चाळीस वर्षं जवळजवळ शोभेला ठेवलं होतं. कॅस्टिल हे रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे गॅसवाल्यांकडे झुकलेल्या पक्षाचे. म्हणून या निकालाची चर्चा जास्त झाली.

फी मात्र राहिली. त्यातून रस्ते झाले, आगीचे बंब आले. आक्कांची नात ज्या झोपाळ्यावर खेळते तो बागेतला झोपाळाही त्यातलाच, असं जावयांचं म्हणणं.

आता अंतराचं. राज्याचा कायदा म्हणतो, घरापासून 500 फूट. त्याच काउंटीतल्या सेसिल टाउनशिपनं 2024 च्या नोव्हेंबरात ते 2,500 फूट केलं. सभेत दोन्ही बाजूंनी लोक बोलतात. नव्या वसाहतीतले म्हणतात रात्री आवाज, दिवे, वास. शेतकरी म्हणतो, पाच पिढ्या कर्ज काढून जमीन राखली, आता चार पैसे येतायत तर काल आलेल्या बंगलेवाल्यांनी आम्हाला शिकवू नये.

"बरोबर आहे शेतकऱ्याचं," हे म्हणाले. "जमीन माझी, करार माझा, मधे पंचायत कोण?"

"मग विहिरीची माती, ट्रक, आवाज तुमच्या जमिनीतच ठेवा म्हणावं," मी म्हटलं. "आवाज काय कुंपणाआड थांबतो?"

आमचं चांगलंच जुंपलं. आक्कांनी मिटवलं, म्हातारीचा दाखला देऊन. म्हातारी रॉयल्टी घेते, दर महिन्याला त्या बारीक चेकला शिव्या घालते, आणि त्या सभेत तीन मिनिटं उभं राहून तिनं अंतर वाढवा म्हणूनच सांगितलं. "तिला कुणी इचारलं, दोन्हीकडनं कसं बोलतीस? तर म्हणाली, गॅस माझ्या पोटाचा हाय आणि शाळा नातवाची हाय. नातीनं तेवढंच भाषांतर केलं, पण सभागृह गप्प झालं."

शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर हे भांडण टोकाला गेलं. ड्रायडन नावाच्या छोट्या गावानं आपल्या हद्दीत गॅसच्या विहिरींना बंदी घातली. कंपनी कोर्टात गेली, आणि 30 जून 2014 ला तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं पाच विरुद्ध दोन असा निकाल गावाच्या बाजूनं दिला. त्याच डिसेंबरात गव्हर्नर कुओमोंनी राज्यभर खडकफोडीच्या विहिरींवर बंदी जाहीर केली. मग सीमेलगतचे शेतकरी चिडले. हद्दीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेजाऱ्याला चेक येतोय आणि आपल्या खालचा तोच खडक रिकामा पडलाय! 2015 साली तिथल्या पंधरा गावांत चर्चा सुरू झाली की न्यूयॉर्क सोडून आपण पेनसिल्व्हेनियातच सामील होऊ या.

"सीमाप्रश्न!" हे आनंदानं म्हणाले. बेळगावच्या मोर्चात ह्यांनी तरुणपणी लाठी खाल्लेली आहे. अमेरिकेतही निपाणी-कारवार निघाल्याचं समाधान दिवसभर ह्यांच्या चेहऱ्यावर होतं. ती गावं पुढं कुठं गेली नाहीत, हे मी ह्यांना रात्री जेवताना सांगितलं.

मला स्वतःला या सगळ्यात एकच गोष्ट खटकली. पिट्सबर्ग शहर आहे अ‍ॅलिगेनी काउंटीत. शहराच्या नगरसेवकांनी 2010 साली एकमतानं शहरात गॅसच्या विहिरींना बंदी केली. त्यानंतर तीनच वर्षांनी काउंटीनं विमानतळाची नऊ हजार एकर जमीन गॅससाठी भाड्यानं दिली. सहीला 5 कोटी डॉलर, आणि रॉयल्टी 18 टक्के. म्हणजे पहिली उचल मोठी घेता येते, साडेबाराच्या वर जाता येतं, कलमं घालून घेता येतात, हे सरकारी कचेरीला पक्कं ठाऊक होतं. त्याच सुमाराला म्हातारीसारख्या किती स्वयंपाकघरांत संध्याकाळी केक कापला जात होता.

आणि कुंपणाची गंमत राहिलीच. सस्केहाना काउंटीतल्या सुमारे अकरा एकरांच्या मालकांनी करार केलाच नव्हता. शेजारच्या रानात विहीर झाली. ते कोर्टात गेले, आमच्या खालचा गॅस शेजारून ओढला म्हणून. 2018 साली त्यांच्या बाजूनं निकाल लागला, 2020 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. जुना नियम असा आहे की तुमच्या कुंपणाच्या आत राहून तुम्ही जे ओढाल ते तुमचं. 1889 च्या एका निकालात त्याच राज्याच्या न्यायाधीशांनी गॅसला रानटी जनावराची उपमा दिली होती. ज्याच्या रानात सापडलं, त्याचं. कंपनीनं फोडलेल्या भेगा खरोखर शेजाऱ्याच्या हद्दीत शिरल्या तर गोष्ट वेगळी, पण ते मैलभर खाली जाऊन दाखवणार कोण?

"म्हणजे तुमचा कढीपत्ता आम्ही इकडून तोडतो तसंच," मी म्हटलं.

"तुम्ही मला इचारून तोडताय का कधी?" आक्का म्हणाल्या, आणि एक डहाळी स्वतःच मोडून माझ्या हातात दिली.

आमच्या ह्यांचा जीव मात्र अजून त्या वरच्या-खालच्या सातबाऱ्यात होता. हे म्हणाले, आपल्याकडे मुरूम स्वतःच्या शेतातला असला तरी विकायचा तर परवाना काढायचा आणि रॉयल्टी सरकारलाच भरायची. तिकडे शेतकरी रॉयल्टी घेतो, इकडे देतो. 2013 साली केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं आहे की जमिनीखालचं सगळं आपोआप सरकारचं होतं असं सांगणारा कायदा नाही. पण तेल-गॅस काढायचा परवाना सरकार देतं आणि त्याची रॉयल्टीही सरकारकडेच जाते. शेतकऱ्याला भरपाई मिळते ती वरच्या जमिनीची.

"आणि नुसता पाइप गेला तर?" आक्कांनी विचारलं. "भावाच्या रानातनं गॅसची लाइन गेलीय."

हे सरसावून बसले. त्याला 1962 चा कायदा आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतात. त्या पट्ट्यावर घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. पिकाचं नुकसान होईल ते वेगळं देतात, आणि हक्काचे म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. राजपत्रात सूचना निघाली की हरकत घ्यायला 21 दिवस.

"ग्रामसभा?"

"ग्रामसभेचं त्या कायद्यात काही नाही."

आक्कांनी तिथंच भिंतीवर फोन ठेवून भावाला लावला. अर्ध्या तासात सातबाऱ्याचा फोटो आला. ह्यांनी चष्मा बदलला, बोटांनी फोटो मोठा केला. इतर हक्काच्या रकान्यात वायुवाहिनीसाठी वापराच्या हक्काची नोंद होती, फेरफार क्रमांकासकट. ह्यांनी वर्ष वाचून दाखवलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आक्का महिनाभर माहेरीच होत्या, शेवया आणि सांडगे करायला. रानात पाइप येणार असल्याचं कुणी एक अक्षर काढलं नव्हतं.

(तुमच्याही रानाचा सातबारा काढाल तेव्हा पीकपाण्याच्या आधी तो रकाना वाचा.)